डाव्या वूफरचा बेस

पटो वा न पटो, हे घडलेलं आहे.

निकेश माझा सख्खा साळा. बढाया मारण्यात पटाईत. पण ही गोष्ट सांगताना त्याने एकही बढाई मारली नाही. उलट चिडचिड करत सांगत होता. भुताला घाबरलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. भुतावर वैतागलेला माणूस हा पहिलाच.

मागच्या दिवाळीनंतरचा मंगळवार. दिवेलागणीची वेळ. जागा मूल गावातली, राइस मिलच्या मागची गल्ली. तिथे निकेशचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे.

काम तसं साधंच होतं. गडचिरोलीचे भैयाजी नावाचे रिटायर मास्तर आपले जुने स्पीकर देऊन गेले होते. तरुणपणी नागपूरहून आणलेली लाकडी पेट्यांची जोडी. वूफरच्या, म्हणजे बेस वाजवणाऱ्या मोठ्या गोल पडद्याच्या, कडेचा फोम कुजून पिठासारखा झडत होता. त्यावरची पुठ्ठ्याची गोल पट्टीही गेली होती.

आणि डाव्या वूफरच्या मधल्या टोपीला एक पोचा होता... बोट दाबून पडावा तसा.

"फोम तेवढा बदलवा," भैयाजी म्हणाले होते. "बाकी जसं हाय तसं राहू द्या."

पण निकेशच्या धंद्यात तसं होत नाही. नवा फोम चिकटवताना आतली कॉइल बरोबर मध्ये बसली पाहिजे. त्यासाठी तिच्या फटीत जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या खोचाव्या लागतात. म्हणजे टोपी कापणं आलंच. त्याने दोन्ही वूफरच्या टोप्या कापल्या, नव्या बसवल्या आणि जुन्या कचऱ्यासोबत पेटवून दिल्या.

झालं! गडी खूश होऊन घरी गेला.

सकाळी शटर उघडलं. उजवा वूफर ठणठणीत.

डाव्याच्या नव्या टोपीला... पोचा होता.

त्याच जागी.

निकेशने आधी उंदराला शिव्या दिल्या, मग मांजरीला.  मग त्याच्या मनात तिसरंच काहीतरी आलं.

त्याचे वडीलही हेच काम करायचे. निकेशच्या वयाचे असताना त्यांचा हात थरथरू लागला. कॉइली घासू लागल्या, आवाज फाटू लागला, गिऱ्हाईक तुटलं. शेवटी म्हातारा दुकानात नुसता बसून राहायचा. निकेशची बायको पायल तेव्हापासून त्याच्या मागे लागली होती, "मिलमध्ये मुकादम पाहिजे म्हणतात, पाहा ना!" तो म्हणायचा, "हात चालून राह्यला तोवर नाई."

आता हातच चुकला की काय? चिकटवताना आपलाच अंगठा दाबला गेला की काय?

त्याने दुसरी टोपी बसवली. श्वास रोखून. सोल्यूशन वाळेपर्यंत समोरून हलला नाही.

संध्याकाळी त्याने अँप्लिफायर लावला. ढोलकीचं एक भजन सुरू केलं.

बेस छान घुमला. पत्र्याची भिंत हलली.

आणि मग... बेस गेला.

गाणं चालू, टाळ चालू. ढोलकी तेवढी दबलेली, गोधडीखाली कोंबल्यासारखी.

निकेशने वायर तपासली. कॉइल तपासली. जोडणी उलटी करून पाहिली. वूफर खोलला, फोम सोलून काढला, नवा चिकटवला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. उजवा व्यवस्थित वाजायचा. डावा थोडा वेळ वाजायचा आणि दबायचा. तेही संध्याकाळीच. सकाळी बेटा सुरेख गायचा!

चार दिवस हा खेळ. पाना फेकून झाला, पायलवर ओरडून झालं. रात्री तो दिव्यासमोर बोटं पसरून बघत बसायचा, हलतात का म्हणून. नुसता संताप आणि त्याखाली भीती.

पाचव्या संध्याकाळी त्याने वूफर पेटीतून काढला आणि टेबलावर उताणा ठेवला. कॉइल घासते का ते डोळ्यांनीच बघायचं होतं. मिलमधून उडणारा कोंडा त्या गल्लीत सगळीकडे बसतो. वूफरच्या काळ्या पडद्यावरही त्याची पिवळी भुकटी साचली होती.

भजन सुरू झालं. भुकटी नाचायला लागली.

बेस दबला.

निकेश वाकला. कडेची भुकटी अजून थरथरत होती.

मधली मात्र थांबली होती... एका तळव्याएवढ्या जागेत.

तळवा. आणि त्याला जोडून... पाच बोटं.

मधलं बोट टोपीवर होतं. निकेशच्या डोळ्यांसमोर टोपी हळूच आत गेली.

त्याने प्लग उपटला. हात थरथरत होते, पण त्या क्षणी त्याला त्याचं काही वाटलं नाही. त्याने भैयाजींना फोन लावला आणि जे दिसलं ते एका दमात सांगून टाकलं.



"इतवारी असन," भैयाजी म्हणाले. "माया लहान भाऊ. जनमाचा बहिरा. गाणं लावलं का डाव्या वूफरवर हात ठेवून बसे. तसंच ऐके थो. जाऊन तीन वर्सं झाली. पन संध्याकाळी बेस दबते... मंग मी समजतो, आला."

"भाऊ, तुमी हे आधी काऊन नाई सांगतलं?" निकेश किंचाळलाच. "मी इथी हाताले दोष देऊन राह्यलो!"

"सांगतलं असतं तं काम घेतलं असतं का तू?"

 दुसऱ्याच दिवशी त्याने जोडी गाडीत घालून गडचिरोलीला पोचती केली. येताना शीळ घालत आला. हात शाबूत होता! त्या दिवशी पायलसाठी जिलबीही आणली.

आठवड्याने भैयाजींचा फोन आला. निकेशला वाटलं, कौतुक करतील.

"बाबू, बेस एकदम साफ हाय," भैयाजी म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "रोज लावतो. दबतच नाई. इतवारी घरी नाई आला... जुनी टोपी हाय का रे तुयाजवळ? त्याचं बोट लागलेली?"

निकेशला टोपी कचऱ्यासोबत पेटवल्याचं आठवलं.  त्याने फोन ठेवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचा वूफर तपासायला लावला.

भर दुपार होती.

बेस घुमला...

आणि दबला.

तेव्हापासून त्याच्या दुकानात कुठलाच वूफर सरळ वाजत नाही. सकाळ नाही, संध्याकाळ नाही. काही गिऱ्हाइकांचे स्पीकर घरी नेल्यावर छान वाजतात. काहींचे तक्रार घेऊन परत येतात, कॉइल घासते म्हणून.

परवा मी माझा जुना स्पीकर घेऊन गेलो होतो. निकेशने फोम बदलला, अँप लावला. थोड्याच वेळात ढोलकी दबली. मी स्वतः ऐकली.

त्याने दोन्ही हात माझ्यासमोर धरले. रडकुंडीला आला होता बिचारा.

"भाऊजी, तुमीच सांगा. हा इतवारी होय, का माया हात गेला?"

मी त्याच्या बोटांकडे पाहिलं. थोडी हलत होती. पण माझीही हलत होती.

मी स्पीकर तिथेच ठेवून आलो. अजून आणायला गेलेलो नाही.