न फाडलेला शर्ट

कुरडयांची परात घेऊन कौसल्या गच्चीवर चढली, की परात कठड्यावर टेकवून आधी फॅक्टरीकडे बघायची. हात चिकाने माखलेले असायचे, ऊन तापत असायचं, तरी बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

पिंपळीच्या पुढे, इंदापूर रस्त्याच्या अंगाला, उसाच्या पट्ट्यापलीकडे नुसता माळ होता. शेरडं चरायची आणि पोरं पतंग उडवायची, एवढाच त्याचा उपयोग. आता तिथे फॅक्टरी उभी राहत होती. ती इतकी मोठी होती, की एका टोकाला पाऊस पडला तर दुसऱ्या टोकाला वाळवण घालता येईल, असं साखरबाई म्हणायची. साखरबाई म्हणजे कौसल्येची थोरली नणंद. नवऱ्यामागे ती भावाच्या घरी राहायला आली आणि भाऊ गेल्यावरही तिथेच राहिली.

त्या फॅक्टरीत काय बनणार, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. कुणी गाड्यांच्या काचा म्हणे, कुणी चॉकलेट.

"चॉकलेट झालं तर बरं," साखरबाई म्हणायची. "माझ्या दातांचं काय ते वाटोळं होऊन गेलंय. मला कसली भीती."

कौसल्येला मात्र भीती होती. तिचा एकुलता एक मुलगा संदेश त्या कामावर होता. लोखंडी खांबांवर चढून पत्रे बसवायचे, बोल्ट आवळायचे, असं उंचावरचं काम. वडील होते तोवर पोरगं शेतात रमायचं. दत्तोबा उसाला पाणी द्यायला निघाले, की फाटकातून हाक मारायचे, "चल रं." आणि संदेश हातातलं टाकून "आलो" म्हणत मागे जायचा. लहान होता तेव्हा बापाचं बोट धरून जायचा, मोठा झाल्यावर खांद्याला खांदा लावून. एके दिवशी पाणी देता देताच दत्तोबा बांधावर बसले ते उठले नाहीत. त्यानंतर संदेशला त्या रानात करमेना. फॅक्टरीचं काम निघालं, तसा तो तिकडे गेला.

कामावरचा मुकादम गुलजार जळोचीचा. दत्तोबांच्या ओळखीतला माणूस, रोज सकाळी दूध न्यायला यायचा. एकदा किटली पुढे करत तो म्हणाला, "वैनी, एखादं जुनं शर्ट असलं तर द्या की. कामावर बाहुला लावायचाय. एवढ्या मोठ्या कामाला नजर लई लागती."

"इंजिनिअर लोक मानत्यात व्हय असलं?"

"इंजिनिअरनंच सांगितलंय. फक्त माझं नाव सांगू नको म्हणाला."

कौसल्या हसली. मग तिने कपाटातला पांढरा शर्ट काढला. दत्तोबांचा. पाचट भरून माणूस करतील, उंचावर लावतील, तर निदान पोराजवळ बापाचं काहीतरी राहील, असं तिच्या मनात आलं.

साखरबाईने बघितलं आणि सुपारी कातरता कातरता थांबली. "गळा फाडून दे."

"का हो, वन्सं?"

"गेलेल्या माणसाचं कापड बाहुल्याला द्यायचं, तर गळा फाडून द्यायचं. न्हायतर गेलेला येऊन घालतो."

कौसल्येने कात्री घेतली. कॉलरच्या आतल्या बाजूला मानेच्या घामाचा पिवळट पट्टा होता, कितीही धुतला तरी न गेलेला. त्यावर कात्रीचं टोक टेकवलं आणि तिचा हात वळेना. तिने शर्टाला इस्त्री केली, दोन्ही बाह्या सरळ केल्या, घडी घातली आणि तसाच गुलजारच्या हातात दिला.

संध्याकाळी बाहुला उभा राहिला. डोक्याला मडकं, खाली पांढरा शर्ट. दुरून बघावं तर कुणीतरी काम बघायला उभं आहे असं वाटे.

मग कौसल्येला नादच लागला. काम चढेल तसा बाहुला चढायचा. आज पहिल्या खांबांवर, मग मधल्या आडव्या तुळईवर, मग छपराच्या कडेला. संदेशने तिला मोबाईलवर फोटो काढून दोन बोटांनी मोठा कसा करायचा ते शिकवलं होतं. ती रोज एक फोटो काढायची. भिंती केवढ्या झाल्या, पत्रे कुठवर आले, हे बघायची, आणि शेवटी बाहुला शोधायची.

पावसाळा सरत आला होता तेव्हाची गोष्ट. फोटो मोठा करता करता तिचं बोट थांबलं. बाहुल्याची डावी बाही कोपरापर्यंत दुमडलेली होती. उजवी मनगटापर्यंत खाली, बटण लावलेली.

दत्तोबा असेच राहायचे. तरुणपणी गुऱ्हाळावर उकळता रस उडून उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. ते व्रण दिसू नयेत म्हणून उजवी बाही ते कधी वर करत नसत.

सकाळी तिने गुलजारला सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाहुल्याची बाही तुमी दुमडली का?"

"न्हाय बा. आमी नुसता बांधला."

"आणि जागा बदलता तवा..."

गुलजार किटलीचं झाकण लावता लावता थांबला. "जागा संदेश बदलतो ना? तो जिथं काम करतो, तितंच असतो बाहुला. मला वाटलं, बापाचं कापड हाय, म्हणून जवळ ठेवत आसंल."

रात्री जेवताना तिने संदेशला विचारलं. त्याने घास हातात धरूनच आईकडे बघितलं. "मी न्हाय हलवत. मला वाटलं, गुलजारचाचाच हलवत्यात."

साखरबाईने मिठाचं भांडं उगाच इकडचं तिकडे केलं.

पुढे थंडी पडली. एका संध्याकाळी संदेश घरी आला तो हातपाय न धुताच ओट्यावर बसला.

"काय झालं रं?"

"पाय घसरला आज. पट्टा अडकवायच्या आधीच. गेलो होतो खालीच, आई..." त्याने मानेला हात लावला. "मागनं कुणीतरी कॉलर धरली. वर वढून घेतलं. वळून बघितलं तर मागं कुणी नव्हतं. बाहुला होता फक्त."

कौसल्येच्या डोळ्यांत पाणी आलं. ती उठून देवापाशी गेली, दिवा लावला, दत्तोबांच्या फोटोपुढे गुळाचा खडा ठेवला. वाचवलं पोराला. बाप तो बापच.

साखरबाई अंधारात बसली होती. ती हळूच म्हणाली, "कौसल्ये, धरलंय खरं. पण दत्तूनं एकदा धरलं की सोडलंय का कधी? एकट्यानं कधी जेवला का तो? एकट्यानं कुठं गेला का?"

त्या दिवसापासून संदेश बदलला. दुपारचा डबा इतरांबरोबर खाईना. वर चढून बाहुल्याशेजारी बसायचा. "तितं बरं वाटतं," एवढंच सांगायचा. एकदा कौसल्येने धुवायला त्याचा शर्ट घेतला, तर डावी बाही दुमडलेली होती आणि उजव्या बाहीचं बटण लावलेलं. त्याला ती सवय कधीच नव्हती.

मग ती थांबली नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी पदराखाली कात्री घेऊन कामावर गेली. संदेशला गुलजारने गोदामात काहीतरी आणायला पाठवलं होतं. आत शिरल्यावर कौसल्या क्षणभर येण्याचं कारणच विसरली. गच्चीवरून काडेपेटीएवढी दिसणारी वास्तू आतून आभाळाएवढी होती. जेवणाची सुट्टी होती. यंत्रं बंद होती. कुठेतरी सैल पत्रा वाऱ्याने वाजायचा आणि त्याचा आवाज भिंतींना लागून परत यायचा. त्या आवाजात मधूनच कुणीतरी चपला घासत चालल्यासारखं वाटायचं.

गुलजारने दोर सोडून बाहुला खाली घेतला.

आधी वास आला. ओल्या मातीचा, तंबाखूचा, आणि किंचित काकवीसारखा. मडक्यावर काढलेले डोळे उन्हाने पुसट झाले होते. कौसल्येने कॉलरला हात लावला. ती ओली होती. आत पाचट होतं आणि ते कोमट होतं, नुकतंच माणूस उठून गेलेल्या अंथरुणासारखं.

"गुलजारभाऊ, उजव्या बाहीचं बटण काढा."

त्याने काढलं. बाही वर सरकवली आणि एकदम हात मागे घेतला. आतलं पाचट कोपरापर्यंत काळंठिक्कर पडलं होतं, जळून आकसलेलं. बाकी सगळं पिवळंधमक.

"वैनी... मी माझ्या हातानं भरलंय हे. असं नव्हतं..."

कौसल्या खाली बसली. हळू आवाजात, संसारात कधी बोलली नसेल इतक्या सरळ ती बोलली. "तुमी वाचवलं त्याला. लई उपकार झालं. आता सोडा. त्याचं लगीन व्हायचंय, पोरंबाळं व्हायचीत. त्याला हितंच राहू द्या. मी येईन की माझ्या टायमाला... थोडी कळ काढा."

मग तिने कात्री लावली. गळा टरटर फाटला. वरचा पत्रा वाजायचा थांबला.

घरी जाताना कालव्याला पाणी आलेलं होतं. तिने शर्टाची घडी घातली आणि पाण्यात सोडली. शर्ट लगेच वाहून गेला नाही. बाह्या पसरून थोडा वेळ काठाशीच फिरत राहिला. पाणी बर्फासारखं गार होतं. तिची बोटं बराच वेळ दुखत होती.

गुलजारने कौसल्येला दिलेला शब्द पाळला. बाहुला परत लावला नाही, आणि संदेशला वरून काढून खाली गेटवरच्या सामानाच्या कामाला घेतलं. पोरगं पुन्हा हसू-बोलू लागलं. साखरबाई मुलगी बघायच्या गोष्टी करू लागली. फॅक्टरीला रंग लागला. एका संध्याकाळी सगळे दिवे एकदम लागले, तेव्हा अख्खं गाव गच्चीवर चढून बघत होतं. गाड्यांच्या काचाच बनणार होत्या. साखरबाई दोन दिवस नाराज होती.

उन्हाळा आला. शेजारीच दुसऱ्या शेडचं काम निघालं, घराच्या आणखी जवळ. कौसल्या कुरडयांची परात घेऊन गच्चीवर गेली, परात कठड्यावर टेकवली आणि सवयीने तिकडे बघितलं.

पहिलाच खांब उभा राहिला होता. त्याच्याजवळ हिरव्या चौकड्याच्या शर्टातला बाहुला होता.

तिने चिकाच्या हातांनीच गुलजारला फोन लावला.

"बाहुला? न्हाय वैनी, या कामाला आमी लावलाच न्हाय. त्या दिवसापासनं माझी हिंमत..."

तिने फोन ठेवला. संदेश खाली जेवायला आला होता. तिने कठड्यावरून वाकून अंगणात बघितलं. तो बनियनवर हात धूत होता.

"संदेश, तुझा हिरवा शर्ट कुठाय रं?"

"दिला सकाळी. गेटपाशी एक म्हातारा आला होता. मागितला त्यानं."

"कोण म्हातारा?"

"ओळखीचा वाटला. पण नाव आठवंना." तो हात झटकत म्हणाला. "एवढ्या उन्हात कुडकुडत होता, आई. अंगावरनं पाणी गळत होतं नुसतं. मला दया आली."

कौसल्येने कठडा घट्ट धरला. "फाडून दिलास का?"

"चांगला शर्ट कोण फाडतंय?"

तिने फोटो काढला. दोन बोटांनी मोठा केला. डावी बाही कोपरापर्यंत दुमडलेली. उजव्या बाहीचं बटण लावलेलं. आणि तो उजवा हात अंगापासून थोडा बाजूला, थोडा खाली सोडलेला. चालता चालता लहान पोराला बोट धरू द्यायला माणूस सोडतो तसा.

गल्लीत कुणी नव्हतं. ऊन नुसतं भाजत होतं. खाली फाटकाची कडी वाजली, आणि संदेशचा आवाज आला, लहानपणी यायचा तसा, लगबगीचा.

"आलो."