कॅमेऱ्यामागचा माणूस

चुलीत अजून एक गोवरी सार रे, तेन्जी. हसा खुशाल! वर डोंगरात गेल्यावर तुम्हीही मोबाइल पोटाशी धरूनच झोपता ना? थंडीनं बॅटरी मरते म्हणून? आमच्या छेवांगची सवय होती ती.

माझा मेव्हणा कामी, त्याच्या बाबतीत घडलेलं सांगतो.

छेवांग गिर्यारोहकांबरोबर व्हिडिओ कॅमेरा घेऊन जायचा. जुना, टेपवाला. एका वर्षी चौथ्या कॅम्पवर वादळात तंबूची दोरी आवळायला बाहेर पडला, तो परत आलाच नाही. मागून त्याला मुलगी झाली. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. कायम कॅमेऱ्यामागे असायचा ना.

पुढच्या वर्षी कामी वरचा कचरा, फाटके तंबू आणायला निघाला. छेवांगची बायको डोमा म्हणाली, "दादा, कॅमेरा सापडला तर आणा. पोरीला बाप दाखवायचाय."

सापडला. बुद्धपौर्णिमेची आदली रात्र. तंबूत कामी एकटा. दिवसभर बर्फ खोदून पार मोडून गेलेला. पोटाशी ऊब दिलेली बॅटरी लावून त्यानं टेप पाहिली. गोरे साहेब, ढग, पुन्हा गोरे साहेब. छेवांगचा नुसता खोकला. शेवटी टेप कोरी. तेवढ्यात बॅटरी मेली.

"गाढवा, एकदा तरी स्वतःकडे वळवायचास," कामी म्हणाला. "आता पोरीला काय दाखवू?"

बॅटरी काढून त्यानं पुन्हा पोटाशी घेतली. कॅमेरा उशाशी ठेवला. डोळे मिटले...

मध्यरात्री खोकला ऐकू आला.

तंबूत.

कामी हलला नाही. हलायला बळ नव्हतं.

कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला होता. उशाशी नाही... वर. कुणीतरी धरल्यासारखा.

"...छेवांग?"

...

सकाळी कॅमेरा उशाशीच होता. बॅटरी कामीच्या पोटाशी.

खाली आल्यावर डोमाच्या घरी टीव्हीला जोडला. मीही होतो. "नुसता खोकला आहे गं," कामीनं आधीच सांगितलं.

साहेब गेले. ढग गेले. कोरी टेप यायची, तिथं तंबू दिसला. त्यात झोपलेला कामी. श्वासागणिक तोंडातून वाफ निघतेय.

मग चित्र हललं... वळलं.

छेवांग. अगदी जवळून. हसत होता.

"बघ, तुझा बाबा!" डोमानं पोरीला पुढं धरलं. पोरीनं काचेवर हात ठेवला.

कामीनं माझा दंड घट्ट धरला. मलाही दिसलं होतं...

एवढ्या थंडीत, छेवांगच्या तोंडातून वाफ येत नव्हती.