रिनुसच्या वरची जागा

"तुझे बाबा गेले," दार उघडताच आई म्हणाली, आणि ते वाक्य पुरतं कानात शिरायच्या आधीच पुढचं बोलली, "मला तुझी सही हवी आहे."

दिंगेना उंबऱ्यातच थिजली. पहाटेची बेकरीतली पाळी संपवून ती नुकतीच घरी आली होती; हातांना दालचिनीचा आणि साखरेच्या पाकाचा वास तसाच होता. आणि समोर, काळ्या कोटाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावून, छातीशी पिशवी धरून, आई उभी होती... वीस वर्षांनी! न कळवता! आमच्या झेलंडमध्ये, हॉलंडच्या या समुद्रकाठच्या मुलखात, सख्खी बहीणसुद्धा आधी फोन केल्याशिवाय कॉफीला येत नाही, आणि ही बाई, जिनं वीस वर्षांत पोटच्या पोरीला कधी साधा फोन केला नाही, ती बसने पाऊण तास प्रवास करून थेट दारात!

"कधी?" दिंगेनाच्या तोंडून कसाबसा शब्द फुटला.

"रविवारी. चर्चला निघालो होतो. बुटाची नाडी बांधायला वाकले, ते वाकलेच."

रविवार! आणि आज गुरुवार. चार दिवस तिचे बाबा या जगात नव्हते आणि ती पहाटे उठून बोलुसचे गोड, चिकट वळे वळत होती, गिऱ्हाइकांशी हसत होती. तिच्या अंतःकरणात काहीतरी तुटल्यासारखं झालं. पण रडू येईना. कोणासाठी रडायचं? ज्या माणसानं तिला बुडू दिलं, त्याच्यासाठी?

"आत ये," ती म्हणाली.

आई खुर्चीच्या कडेवर टेकली. दिंगेनानं कॉफी केली, बिस्किटांचा डबा पुढे केला. आमच्यात एक बिस्किट दिलं की डब्याचं झाकण लागतं, अशी जगभर आमची थट्टा होते आणि ती खरीच आहे. पण आज झाकण लावायचं तिला सुचलंच नाही. ती बसेना. खिडकीपाशी गेली, परत आली, धुतलेला कप पुन्हा धुतला.

"कसली सही?"

आईनं पिशवीतून एक पाटी काढून टेबलावर ठेवली. थडग्यात खोचायची, पत्र्याची. टोकाला ओली माती होती. 'या थडग्याच्या अधिकारधारकाने कार्यालयाशी त्वरित संपर्क साधावा.'

"रिनुसच्या डोक्याशी लावली होती मेल्यांनी. वसंतापासून. मला वाटलं, चुकून लावली असेल. मी दर रविवारी उपटून झुडपामागे टाकायचे, ते सोमवारी परत लावायचे. सहा महिने हेच!" आईचा श्वास चढला. "परवा ह्यांच्यासाठी गेले, तर तिथल्या बाई म्हणतात, अधिकार तुमच्या नावावर नाहीच. दिंगेनाच्या नावावर आहे."

दिंगेनाला आठवलं. रिनुस गेला त्या भयंकर आठवड्यात बाबांना पेन धरवत नव्हतं, आई औषधाच्या गुंगीत भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि दफनाचा माणूस दारात टोपी हातात घेऊन उभा होता. कोणीतरी सही करायला हवी होती. वीस वर्षांच्या मुलीनं ती केली... भावाच्या मातीची मालकी!

आणि आमच्याकडे मेल्यावरही जमीन कायमची मिळत नाही. जमीनच मुळी समुद्राकडून हिसकून आणलेली, ती किती जणांना पुरणार? वीस वर्षांची मुदत. मग ज्याच्या नावावर अधिकार, त्यानं सही करून ती वाढवायची, नाहीतर अस्थी उचलून एका सामाईक खड्ड्यात टाकतात.

"मुदत या महिन्याअखेर संपतेय. आणि शनिवारी ह्यांना पुरायचं आहे. त्याच खड्ड्यात रिनुसच्या वर एका पेटीची जागा रिकामी आहे. आज चारपर्यंत तुझी संमती नाही पोचली तर ह्यांना नव्या दफनभूमीत नेतील, महामार्गापलीकडे. ओळखीचं कुत्रं नाही तिथं."

"मला एकही पत्र कसं आलं नाही?"

आई खाली बघत म्हणाली, "आली होती. आपल्या घरी. चार."

"मग?"

"पाकिटावर तुझं नाव होतं. मी वर लिहिलं, या नावाचं इथं कोणी राहत नाही. आणि परत टाकली."

दिंगेना बघतच राहिली! आपल्याच लाडक्या मुलाचं थडगं या बाईनं स्वतःच्या हातांनी चार वेळा परत पाठवलं होतं, ते केवळ पाकिटावर मुलीचं नाव होतं म्हणून! हसावं की किंचाळावं हेच तिला कळेना.

"ती वरची जागा मी माझ्यासाठी धरली होती," आई म्हणाली. "पण ह्यांनी मागितली. आयुष्यात या माणसानं काही मागितलं नाही गं. मागच्या हिवाळ्यात म्हणाले, पीटरनेला, मला पोराजवळ ठेव."

"नाही!"

तो शब्द दिंगेनाच्या तोंडून इतक्या वेगानं निसटला की कॉफी हिंदकळली.

"नाही म्हणजे?"

"मी मुदत वाढवते. रिनुस कुठेही जाणार नाही. पण बाबा... बाबा तिथं नकोत!"

आई ताडकन उठली. "एकाला खाल्लंस, आता दुसऱ्यालाही सुखानं पडू देत नाहीस? काय दगडाचं काळीज आहे तुझं! ज्या हातांनी त्या दिवशी सुकाणू फिरवलंस, त्याच हातांनी आज..."

त्या हातांनी! दिंगेनानं स्वतःचे हात पाठीमागे घेतले. त्या दिवशी या हातांत कॉफीची किटली होती! ऑक्टोबरची सकाळ होती, शिंपल्यांच्या हंगामाचे दिवस, बाबा दोन रात्रींचे जागे. थंडी मारायला म्हणून त्यांनी जेनेव्हर दारूचे दोन घोट घेतले होते, कदाचित चार. रिनुस कठड्याशी वाकून लोखंडी जाळ्यातला गुंता सोडवत होता, आणि बाबांनी मागे न बघताच बोट वळवली. तार सुटली, झपकन फिरली... दिंगेना खालून धावत वर आली तोवर कठड्याशी कोणीच नव्हतं. पोलिसांची नौका जवळ आली तेव्हा बाबांच्या तोंडाला वास येत होता. परवाना जाणार, तुरुंग होणार, बोट जाणार, घर जाणार, हे सगळं तिला एका क्षणात दिसलं आणि ती पुढे होऊन म्हणाली, "सुकाणू माझ्या हातात होतं." ती त्यांच्या हाताखाली शिकत होती, तिला माफी मिळेल हे तिला ठाऊक होतं. सरकारनं दिलीही. तिला वाटलं होतं, निदान आईला तरी बाबा खरं सांगतील... पण बोटीचा तो तांडेल, तिचा बाप, तिच्याकडे नुसता बघत राहिला आणि मान खाली घालून बसला. दफनाच्या दिवशी आईनं सांगितलं, "माझ्या दारात पुन्हा दिसू नकोस." तिला तांडेल व्हायचं होतं, ती बेकरीत गेली. त्यानंतर ती एकदाही पाण्यावर गेली नाही.

हे सगळं तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. एक वाक्य, फक्त एक! पण समोर चार दिवसांची विधवा उभी होती. नवऱ्याला पुरायच्या आधी तिच्याकडून तो नवराही हिरावून घ्यायचा? दिंगेनानं ते वाक्य गिळलं, नेहमीसारखंच.

"चल," ती गाडीची किल्ली घेत म्हणाली. "काय करायचं ते तिथं ठरवीन."

बांधावरच्या रस्त्यानं गाडी चालली होती. गेल्या वीस वर्षांत ती या बाजूला फिरकली नव्हती, एकदा वळण चुकली, दुसऱ्यांदा चुकली. आईनं रस्ता सांगितला नाही, ती हातरुमालाच्या घड्या घालत आणि मोडत बसली होती. ओहोटी होती, उघड्या पडलेल्या चिखलाचा तो खारट वास गाडीत आला. तिनं काच वर केली, खाली केली, पुन्हा वर केली.

"एकतर उघड, नाहीतर लाव," आई म्हणाली. "माझी मान आखडते."

दफनभूमीचं कार्यालय म्हणजे एक लहानशी खोली, एक लांब टेबल आणि चष्मा लावलेल्या एक शांत बाई. त्यांनी दोन कागद पुढे केले. पहिला मुदतीचा. दिंगेनानं तो न वाचताच सही करून टाकली. दुसरा कागद बाईंनी वाचून दाखवला: वरची जागा मयत ब्राम यांना देण्यास अधिकारधारकाची संमती आहे.

दिंगेनानं पेन उचललं. मनात नुसता कल्लोळ माजला होता... ज्यानं तुला ढकललं त्यालाच तुझ्या उरावर झोपवायचं का रे, रिनुस? बोल ना! पण रिनुस काय म्हणाला असता हे तिला पक्कं माहीत होतं. 'सोड गं दिंगे, म्हातारा दमलाय.' त्याचा स्वभावच तसा होता. तिनं डोळे मिटले आणि पेन कागदावर टेकवलं.

तेवढ्यात आईचा हात त्या कागदावर पडला.

"थांब! ऐक, मग कर."

"आता काय राहिलंय?"

"सुकाणू कोणाच्या हातात होतं ते मला ठाऊक आहे."

कार्यालयातल्या बाई न बोलता उठल्या, बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं.

"कधीपासून?" दिंगेनाचा आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

"त्याच वर्षीच्या नाताळापासून. मी बटाटे सोलत होते. हे आले आणि म्हणाले, पीटरनेला, पोरगी खोटं बोलली. एवढंच. मी काही विचारलं नाही. बटाटे सोलत राहिले."

"वीस वर्षं... आई, वीस वर्षं!"

"ह्यांच्यावर रागावले असते तर ह्यांच्याच शेजारी झोपायचं होतं मला, रोज ह्यांनाच वाढायचं होतं. जगले कशी असते? तू समोर नव्हतीस. जो समोर नाही त्याच्यावर रागावणं सोपं असतं गं..." आईच्या गालांवरून आसवं ओघळत होती, ती पुसतही नव्हती. "ते कितीदा म्हणाले, जातो आणि गावाला सांगतो, पोरीला घेऊन येतो. मीच आडवी आले. म्हटलं, मुलगा गेला, आता बोट घालवता, घर घालवता? शेवटी बोलायचेच थांबले. त्यांना शिव्या देऊ नकोस. द्यायच्या तर मला दे."

दिंगेना उठली. खिडकीशी गेली. दाराशी गेली, कडीला हात लावला, परत आली. आपण सगळ्यांना वाचवलं, या एका समजुतीवर तिनं आयुष्याची उमेदीची वर्षं काढली होती. आणि इथं तर सगळ्यांना सगळं माहीत होतं! तिला खोली लहान पडू लागली.

"मग आत्ता का सांगितलंस?" ती ओरडली. "मी सही करतच होते! पाच मिनिटांनी सांगितलं असतंस तर तुझं काय बिघडलं असतं?"

"तुझं नाव मी वीस वर्षं फुकट वापरलं," आई म्हणाली. "आता सहीही तशीच घेऊ? नाही म्हणायचं तर म्हण. मी त्यांना महामार्गापलीकडे नेईन. तुला बोल लावणार नाही."

दिंगेना खुर्ची ओढून बसली आणि तिनं कागदावर सही केली. संपूर्ण नाव, ठळक, आडनावासकट. सही झाल्यावर तिला रडू कोसळलं, टेबलावर डोकं ठेवून ती हमसून हमसून रडली. बाबांसाठी रडली, रिनुससाठी रडली, आणि त्या वीस वर्षांच्या पोरीसाठी, जिच्यासाठी आजवर कोणीच रडलं नव्हतं! आईचा हात तिच्या केसांपर्यंत आला, अडखळला, आणि मग टेकला.

"मी तुला माफ केलेलं नाही," दिंगेना डोकं न उचलता म्हणाली.

"नको करूस."

थोड्या वेळानं आईनं पिशवीतून कार्डांचा गठ्ठा काढला. काळी कडा असलेली मृत्यूची कार्डं, पाकिटांसकट. आजच्या टपालात ती पडायला हवी होती. आमच्याकडे गेलेल्याच्या नावाखाली मागे राहिलेल्यांची नावं छापतात. इथं एकच नाव होतं, पीटरनेला. रिनुसच्या कार्डावर आईबाबांची दोनच नावं होती, हे दिंगेनाला शेजारणीच्या घरी कपाटावर ते कार्ड पाहून कळलं होतं.

आईनं टेबलावरचं पेन घेतलं आणि पहिल्या कार्डावर, स्वतःच्या नावाखाली, थरथरत्या वाकड्या अक्षरांत लिहू लागली. एकेक अक्षर जमायला तिला जन्म लागत होता. दिंगेनाचा हात आपोआप पुढे झाला. आण इकडे, माझं अक्षर बरं आहे, असं ती म्हणणारच होती. पण तिनं हात मागे घेतला.

"किती कार्डं आहेत?"

"शहाऐंशी."

"तूच लिही, आई. एकूण एक."

आईनं मान हलवली. दुसरं कार्ड ओढलं, तिसरं ओढलं. दिंगेना शेजारी बसून लिहून झालेली कार्डं पाकिटात घालत राहिली. सातव्या कार्डावर पेन थांबलं.

"नुसतं नाव पुरेल का गं?" आईनं विचारलं. "गावात आता नवी माणसं आली आहेत. त्यांना कळायचं नाही, ही दिंगेना कोण."

"मग लिही ना," दिंगेना म्हणाली, "कोण आहे ते."

आईनं नावापुढे लिहिलं, 'मुलगी'. आणि मग आधीची सहा पाकिटं एकेक करून पुन्हा उघडली.