वायरीचं दुसरं टोक

बस अशी, खुर्ची ओढून घे. वीज येईल तेव्हा येईल, आणि वीज नाही तोवर नेटही नाही, म्हणजे तुलाही काम नाही. दिवा मध्ये ठेवते. मघाशी तू म्हणालीस ना, जिन्याखालचा तो वायरीचा खोका भंगारात देऊन टाकू आणि वरची वायर काढून बिनवायरीचं काहीतरी बसवू, तेव्हा मी तुझ्यावर खेकसले. चुकलंच माझं. तू भाड्याने राहायला येऊन महिनासुद्धा झाला नाही, तुला काय ठाऊक. आता सांगते. फक्त मध्येमध्ये 'काकू, असं कसं होईल' म्हणू नकोस. असं कसं झालं ते मलाही अजून कळलेलं नाही.

आमचे हे वायरी टाकायचे. लोकांच्या घरात, दुकानात, शाळेत एकाच जोडणीचं नेट चार कॉम्प्युटरना वाटून द्यायचं, हे त्यांचं काम. सगळे त्यांना टेस्टर म्हणायचे, कारण शर्टाच्या खिशात कायम टेस्टर. वायर तपासायचं यंत्र गं. त्याचे दोन तुकडे असतात. मोठा वायरीच्या या टोकाला लावायचा, छोटा त्या टोकाला. वायर धड असेल तर मोठ्यावर आठ हिरवे दिवे एकामागून एक लागत जातात. पलीकडे छोटा तुकडा नसेल तर आमच्या टेस्टरवर एकही दिवा लागायचा नाही. एवढं लक्षात ठेव.

लेक कामाला लागल्यावर मीही ह्यांच्याबरोबर जायला लागले. घरात बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा बरं. पाइपातून वायर न्यायला दोन माणसं लागतात. एकाने खालून सोडायची, दुसऱ्याने वरून ओढायची. मध्ये अख्खी भिंत, आणि लोकांच्या घरात हाका मारत बसणं ह्यांना आवडायचं नाही. म्हणून आम्ही हिसक्यांवर बोलायचो. एक हिसका म्हणजे 'धरली'. दोन म्हणजे 'अजून दे'. तीन म्हणजे 'झालं, सोड'. माझे गुडघे असे, त्यामुळे मी कायम खाली आणि हे कायम वर. घरी आमचं मिठावरून वाजायचं, चहात साखर किती यावरून वाजायचं, पण वायर हातात असली की एका शब्दाची कटकट नाही.

वायर पाइपात अडकू नये म्हणून हे तिला पावडर चोळायचे. साधी, लहान बाळाला लावतात ती. संध्याकाळी घरी आले की एवढ्या मोठ्या माणसाच्या अंगाला तान्ह्या बाळाचा वास. मी हसायचे, ते चिडायचे.

जगाच्या घरात वायरी टाकल्या आणि स्वतःच्या घरी काय, तर 'उद्या करू'. खालच्या कॉम्प्युटरशेजारी नेट येत होतं, वरच्या खोलीत लेकीचं टेबल, तिथवर ते पोचायचं नाही. भिंतीत पाइप टाकून झाला होता, आत ओढायची दोरी घालून दोन्ही तोंडांशी बांधून ठेवली होती, वायरीचा भरलेला खोका जिन्याखाली आणून ठेवला होता. राहिलं होतं ते फक्त ओढणं. लेकीला हे साहेब म्हणायचे. म्हणाले, "रविवारी साहेबांच्या ऑफिसात नेट चालू." आणि त्याच्या आधीच एका सकाळी एकटेच एका दुकानात कामाला म्हणून गेले ते गेलेच. माणूस शिडीवर नव्हता, उंचावर नव्हता, खुर्चीत बसून पाणी पीत होता म्हणे.

दवाखान्यातून शर्ट परत आला, चष्मा परत आला. टेस्टरचा मोठा तुकडा कामाच्या पिशवीत सापडला. छोटा खिशात असायचा, तो आला नाही. लेकीने त्या दुकानात जाऊन टेबलांखाली वाकून शोधलं, दवाखान्यात विचारलं. नाही म्हणजे नाहीच. शेवटी मी म्हटलं, राहू दे, नेला असेल बरोबर.

पुढे कितीतरी महिने लेक जिन्याच्या पायरीवर बसून काम करायची. नेट तिथवरच यायचं. मांडीवर लॅपटॉप, पाठीला भिंत, पाय आखडलेले. म्हणायची, "आई, दुकानातून कुणालातरी बोलावू, तासाभराचं काम आहे." मी घर डोक्यावर घ्यायचे. ह्यांनी बांधलेल्या दोरीला परका हात लागायचा नाही म्हणायचे. आता तुला खरं सांगते. दोरीचं काही नव्हतं. काम अर्धं होतं तोवर हे यायचे बाकी होते. अर्धं काम टाकून हे कधी कुठून गेलेले नाहीत. काम पुरं झालं की मग यायला कारणच उरणार नव्हतं.

एका दुपारी पायरीवर तिचं नेट मध्येच तुटलं. वरिष्ठांसमोर बोलत होती ती. मी चहा घेऊन गेले तर पोर काळ्या पडद्याकडे बघत बसलेली, डोळे कोरडे, आणि ओठ अगदी ह्यांच्यासारखे आवळून धरलेले. म्हटलं, साहेब, आज टाकू वायर, आपणच दोघी. तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं, माझं मन फिरायच्या आत चपला घातल्या आणि टोकांना लावायचे जॅक आणायला दुकानात गेली. म्हटलं, तोवर मी खाली दोरीला वायर बांधून ठेवते.

भिंतीत हात घालण्याआधी मेन बंद करायचा, ही ह्यांची शिस्त. मी बंद केला. फ्रिजची घरघर थांबली, पंखा हळूहळू थांबला. बाहेर ऊन होतं, पण जिन्याखाली भर दुपारीही अंधारच असतो. बॅटरी लावून ठेवली, बुटक्या स्टुलावर बसले, वायरीचं टोक दोरीला लावून वर तिरकी चिकटपट्टी गुंडाळली, ह्यांनी शिकवली तशी. आता खरं तर उठून वर जायचं आणि ओढायचं. पण हाताला सवय. वायर धरली आणि रोजच्यासारखा एक हिसका दिला, 'आहात ना?' म्हणून. दिल्यावर कळलं की वर कुणी नाही. मला हसू आलं. हसताहसताच रडू फुटलं, आणि तशीच बसून राहिले वायर धरून.

आणि वरून एक हिसका आला.

आधी वाटलं, दोरी कुठे अडकली असेल, सुटली असेल. वायर हातात अगदी स्वस्थ होती. मग दोन आले. सावकाश, एकामागे एक. अजून दे.

तू म्हणशील, काकू ओरडत बाहेर का पळाल्या नाहीत. अगं, पाय पळायचं म्हणत होते, पण हातांनी मला विचारलंच नाही. ते वायर द्यायला लागले. आणि वरून ओढणं सुरू झालं. एक लांब ओढ, मग थोडं थांबणं. परत लांब ओढ, परत थांबणं. हे थांबायचे ते चष्मा नाकावर सारायला. वाकून ओढताना तो घसरायचा. तेवढाच वेळ, ना कमी ना जास्त. पाइपाच्या तोंडातून गार हवा येत होती आणि तिला पावडरीचा वास होता. मी तर त्या दिवशी पावडर लावायची विसरले होते. डबा वर फळीवर, झाकण घट्ट.

मी पाइपाशी तोंड नेलं. "अहो... तुम्हीच ना?"

ओढणं थांबलं. मग दोन हिसके.

"बरे आहात ना...?"

दोन हिसके.

"साहेबांना काही सांगू का...?"

दोन. काहीही विचारलं तरी दोनच. मी रडत होते आणि देत होते, देत होते. किती दिवसांनी माझ्या हाताला पलीकडून कुणीतरी होतं गं.

एक मजला चढायला वायर लागते ती किती. ती केव्हाच वर पोचायला हवी होती. मला कळत होतं. पण वरून तीन येत नव्हते, आणि मी स्वतःहून का थांबू? वायर जाईल तोवर हे आहेत, एवढाच हिशोब मी केला. तीनशे मीटरचा खोका. तो हलका होऊन माझ्या पायाशी फरफटायला लागला, आत वायर गरगर फिरत होती. आणि मग ते मधलं थांबणं बंद झालं.

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. नुसतं ओढणं, ओढणं, ओढणं. चष्मा सारणं नाही, दम घेणं नाही. हे असे कधी ओढायचे नाहीत. वायर तळहाताला कापत चालली होती. हा बघ, वण अजून आहे. मी म्हटलं, "अहो, हळू... अहो, संपली वायर..." खोका रिकामा झाला, शेवटचं टोक माझ्या हाती आलं. मी ते मनगटाभोवती गुंडाळलं आणि पाय भिंतीला लावले. वायर ताठ झाली. भिंतीच्या आत, कुठेतरी फार लांब, काहीतरी करकरलं. आणि सगळं थांबलं.

दार वाजलं. लेक आली होती. मी जिन्याखालूनच हात बाहेर काढून जॅक घेतले, तोंड दाखवलं नाही. ती धडधडत वर गेली.

"आई, वायर आलीये वर," ती ओरडून म्हणाली. "हातभर निघालीये. आणि दोरी काय छान गुंडाळून ठेवलीस गं. अगदी बाबांसारखी."

"हं," मी म्हटलं.

हातांना काहीतरी काम हवं म्हणून मी माझं टोक सोललं, आतल्या आठ तारा रंगांप्रमाणे लावल्या, जॅक दाबून बसवला. आणि पुढची सवय म्हणजे टेस्टर. मोठा तुकडा पिशवीतून काढून लावला. छोटा नाही, काही दिसणार नाही, हे ठाऊक असून लावला. त्या अंधारात पहिला दिवा लागला. मग दुसरा. मग तिसरा. आठही लागले, आणि परत पहिल्यापासून लागायला लागले. माझी बोटं हिरवी दिसत होती.

"साहेब," मी हाक मारली, "वरच्या टोकाला काय लावलंस?"

"मी काय लावणार? जॅक तुझ्याकडेच आहेत ना. थांब, येते घ्यायला."

तिची पावलं जिन्यावर वाजायला लागली, अगदी माझ्या डोक्यावर. दिवे विझले. वर आता कुणीच नव्हतं. माझ्या मनगटाला वायर होतीच. आणि हिसका आला. हळू, अगदी हे द्यायचे तसा. मग दुसरा.

मग तिसराही आला असेल. पायऱ्यांचा आवाज होता, माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. मी दोन मोजले. कुणीही विचारलं तरी मी दोनच सांगेन.

त्या संध्याकाळी लेकीने वरचा जॅक लावला, मेन चालू केला आणि वरून ओरडली, "आई, आलं. एकदम जोरात आलं." खालचा कॉम्प्युटर आणि तिचा लॅपटॉप, दोन्हीकडे नेट. हे म्हणायचे, शंभर मीटरच्या पुढे वायरीतून नेट धड जात नाही. या भिंतीत तीनशे मीटर गेली आहे आणि तुझी एक मीटिंग कधी तुटली का सांग. रिकाम्या खोक्याचं लेकीला मी सांगितलं, अर्धाच होता. तिने मानलं की नाही, ठाऊक नाही. पुढे तिला लांब नोकरी लागली. जाताना माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आई, आता तरी सोड गं." तिने काय ओळखलं होतं, मी विचारलं नाही. त्यानंतर रोज दिवेलागणीला मी वायरीला एक हिसका देते. उत्तर एकदाही आलेलं नाही.

तू भंगारात द्यायला निघालीस तो खोका जुना नव्हे. तो नवा आहे, त्या दुपारच्या दुसऱ्याच दिवशी मी जाऊन आणला. दोन हिसके म्हणजे अजून दे, मग दिली पाहिजे ना. त्याचं टोक पाइपाच्या तोंडाशी नुसतं टेकवून ठेवलंय, कशालाही बांधलेलं नाही. आणला तेव्हा मला उचलेना. काल झाडताना एका हाताने बाजूला केला.

वीज आली बघ. जा, तुझं काम खोळंबलंय. वर टेबलाजवळ कधी पावडरीचा वास आला तर घाबरू नकोस, खिडकी उघडू नकोस. आणि भिंतीपाशी वायर हललीच, तर हलू दे. फक्त मोजू नकोस.