दोन चौकटींमधली फट

सांगतो, पण मध्ये हसायचं नाही.

ताईच्या गाण्याचा पहिला मोठा शो होता आणि मागच्या पडद्याचं काम माझ्याकडे. घरून बघणारे सगळे एका व्हिडिओ कॉलवर. माझी स्क्रिप्ट त्या कॉलमधला एकेक चेहरा कापायची आणि तालावर स्टेजमागे भिंतीएवढा फेकायची. पाय मोडून घरी एकटी पडलेली आईसुद्धा त्यात होती. भारी ना?

मापं मी माझ्या लॅपटॉपवर घेतलेली. हॉलच्या कॉम्प्युटरवर चौकटी जराशा सरकल्या. पहिल्याच गाण्याला पडद्यावर अर्धा काका, अर्धी मावशी आणि मधोमध दोघांमधली काळी फट. खांबाएवढी.

फटीत बोटं होती. लांब, ओली... मावशीची कड धरून.

लोकांनी शिट्ट्या मारल्या!

"कसलं केलंयस!" साउंडवाला दादा कानात ओरडला. "बोटं कुठून आणलीस?"

"आपोआप आली."

"फेकू नकोस रे."

मी इतका खूश, की घाबरायचं राहूनच गेलं. स्क्रिप्ट पुढच्या चेहऱ्याकडे वळली की बोटंही पुढच्या फटीत. पडद्यावर असेपर्यंत मात्र जराही हलायची नाहीत. टाळ्यांवर टाळ्या! मग ती आईच्या कडेला पोचली. मी स्क्रिप्ट तिथेच थांबवली, म्हणजे ती पडद्यावरच राहतील, हलणार नाहीत.

आणखी तीन गाणी झाल्यावर ताई दातओठ खात विंगेत आली. "सगळ्या गाण्यांना अर्धी आईच का दिसतेय?"

"आई आहे ना."

"गाढवा!"

शो संपला. घरून बघणारे एकेक करून कॉल सोडायला लागले. मी माइक ओढला. "कुणीही कट करू नका! प्लीज!"

हॉल खूश. त्यांना वाटलं, अजून एक गाणं आहे.

शेवटी आई आणि काका उरले.

"काका, थांब ना..."

"अरे, दूध उतू जातंय," काका म्हणाला आणि गेला.

आई पडदाभर झाली. आता एकच चौकट. फट कुठेच नव्हती. बोटंही नव्हती.

"आई... तिथे कोणी आहे?"

"कोण असणार? छान गायली हो पोरगी." ती उशीला टेकली. "सकाळपासून प्लास्टरच्या आत नुसती खाज रे. आत्ता कुठे बरं वाटतंय."

मग डोळे मिटून, अगदी हळू म्हणाली, "जरा वर... हां. तिथेच."