तिघा राजांचा आळ

“ओ… देवाला कुठं धोपटताय?”

पाठीमागून आलेल्या आवाजाने योगीराजच्या हातातला ब्रश निसटला. तामलवाडीच्या शिवारात, बांधावरच्या वीरगळावर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या कोरीव शिळेवर, त्याने ओला कागद पसरला होता. ब्रशने हलकेच ठोकत तो कागद अक्षरांच्या खाचांत बसवत होता.

“ठ… ठसा घेतोय. हा देव नाही. माचय नावाचा घोडेस्वार आहे. आठशे वर्षांपूर्वीचा.”

“आमच्या बांधावर राहतो, अन् आम्हालाच नाव सांगत न्हाय व्हय!” ती हसली.

ती अर्पिता. शेत तिच्या वडिलांचे, ईरण्णांचे. योगीराज कळंबच्या कॉलेजात तासिकेवर इतिहास शिकवणारा, चारचौघांत अवघडणारा. कागद वाळेपर्यंत थांबणे भाग होते. ती समोर बसली, आणि कागद फार लवकर वाळला असे त्याला वाटले. पुढच्या तीन रविवारी कधी ठसा फाटला, कधी शाई पसरली, कधी वारा आडवा आला… निदान ईरण्णांना त्याने तसे सांगितले.

मग त्याने एका साप्ताहिकात लेख लिहिला. शिळेवरची अक्षरे जुन्या कानडीची. ती लिपी तो पुस्तकावरून शिकला होता. भाषा मात्र शब्दकोशापुरतीच. ‘मूवर अरसर आळ’. मूवर म्हणजे तिघे, अरस म्हणजे राजा. आणि आळ? तो तर मराठीच शब्द! कोश उघडायची गरजही त्याला वाटली नाही. ‘माचयवर तिघा राजांनी फितुरीचा आळ घेतला होता,’ असे त्याने छापून टाकले.

दोन दिवसांनी अर्पिताचा फोन आला. “बाबांनी रविवारी बोलावलंय. लोक विचारतायत, इतकी वर्षं फितुराला नारळ फोडत होता काय म्हणून.” तिच्या आवाजात हसू नव्हते.

रविवारी तो एसटीतून उतरला. फाट्यावर ती उभी होती.

“एक सांगा… आमच्या घरी शेतावरच्या गड्याला काय म्हणतात?”

“काय?”

“आळु! आईचं माहेर अक्कलकोटकडचं, निम्मं घर कानडी बोलतंय. आळ म्हणजे चाकर, शिपाई! तिघा राजांचा शिपाई हो!”

योगीराजला आता ती ओळ लागली. चालुक्य गेले, कलचुरी आले, मग यादव. राज्ये बदलली, हा स्वार मात्र त्याच मुलखाची राखण करत राहिला. आणि आपण त्याला…

“मला विचारलं असतं तर?”

“विचारायचं पुष्कळ होतं,” तो खाली बघत म्हणाला.

“मग?”

“…धीर झाला नाही.”

तिने ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले, पुन्हा सोडले. “आज तरी करा. बाबा लई तापलेत.”

वीरगळापाशी ईरण्णा चार माणसांसह बसले होते. योगीराज उभ्यानेच बोलला. “अण्णा, चूक माझी आहे. माचय फितूर नव्हता. तिघांची चाकरी त्यानं इमानानं केली. अन् शिळेवरच कोरलंय, शेवटी मेला तो कुठल्या राजासाठी नाही, तुमच्या गावची पळवलेली गुरं सोडवताना. पुढच्या अंकात माझ्या नावानं दुरुस्ती छापतो. चूक अर्पितांनी दाखवली, हेही लिहितो.”

माणसे कुजबुजली. एकाने उठून शिळेवर हात फिरवला. थोड्या वेळाने सारे पांगले. ईरण्णा मात्र जागचे हलले नाहीत.

“ठसा झाला. वाचून झालं. दुरुस्ती काय, कळंबात बसून बी छापता येती,” ते म्हणाले. “आता कशापायी यायचं तुमी?”

योगीराजकडे उत्तर होते. सबब मात्र एकही उरली नव्हती. अर्पिता ज्वारीकडे पाहत होती, पण तिने श्वास रोखला आहे हे त्याला दिसत होते. आज गप्प बसलो, तर हा बांध संपला…

“अर्पितासाठी,” तो म्हणाला.

ईरण्णांनी सावकाश टोपी काढली, झटकली, पुन्हा डोक्यावर ठेवली. लेकीकडे एकवार पाहिले. तिने मान खाली घातली. नकार मात्र दिला नाही.

“मग असं एकटं येत असतेत व्हय?” ते उठत म्हणाले. “पुढच्या रविवारी आईवडलांना घेऊन या.”