बिनडोळ्यांची जात

युद्ध असो वा नसो, मी रोज सकाळी साडेसातला प्रयोगशाळेत हजर असायचो. शेतीच्या किडी ओळखून देणारं ते सरकारी खातं रियाधच्या दक्षिणेला एका दुमजली पिवळ्या इमारतीत होतं. १९९१चा जानेवारी चालू होता, रात्री शहरावर इराकची मिसाइलं पडत. निम्मे सहकारी बायकापोरं घेऊन जेद्दाला पळाले होते. उरलेले खिडक्यांना चिकटपट्ट्या लावत, गॅसचे मुखवटे गळ्यात अडकवून फिरत, आणि दुपारी मुखवट्याच्या डब्यावर ताट ठेवून बिर्याणी खात. डॉक्टरेट मिळवलेली माणसं ही. अशांची कीव येते म्हणायची पद्धत आहे. मला किळस यायची.

मी, डॉ. हरीश टिपणीस, तेव्हा पाल्पिग्रेडवर काम करत होतो. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, त्यात तुमचा दोष नाही. प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनीही ऐकलेलं नसतं, तो मात्र त्यांचा दोष आहे. कोळी-विंचवांच्या गोतातला हा जीव. लांबी जेमतेम दीड मिलिमीटर. रंग नाही, डोळे नाहीत, श्वासाचं वेगळं इंद्रिय नाही; हवा कातडीतूनच आत झिरपते. विंचवाला जिथे पुढचे चिमटे असतात तिथले अवयव हा चालायला वापरतो, आणि पायांची पहिली जोडी जमिनीला न टेकवता समोर उचलून चाचपडत जातो. मागे मण्यांच्या माळेसारखं केसाळ शेपूट. ओल्या मातीत खोल राहतो, कोरड्या हवेत आला की लगेच मरतो.

माती आणायचं काम कादिरकडे होतं. रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा माणूस. चाळिशीचा, सातवी शिकलेला, पण फावडं सरळ मारणारा. शहरातल्या बागांतून, खजुरांच्या बुंध्याशी दोन फूट खणून तो माती आणायचा. ती जाळीवर पसरायची आणि वर दिवा लावायचा. माती वरून वाळत जाते, तसतसे आतले जीव खाली सरकतात आणि शेवटी नरसाळ्यातून अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. बाटलीत एक चिठ्ठी टाकायची: जागा, तारीख, आणणाऱ्याचं नाव. जागा खोटी असेल तर नमुना कचऱ्यात फेकायच्या लायकीचा, हे मी कादिरला पहिल्याच दिवशी दरडावून सांगितलं होतं.

डिसेंबरपासून चाळीस जागांची माती चाळली. तीन जागांच्या मातीत पाल्पिग्रेड निघाले, आणि जात नवी होती. अडचण एकच: सगळ्या माद्या. या गोतात नर दुर्मिळ. नराचे जननावयव रेखाटून दाखवल्याशिवाय निबंध पाठवला असता तर युरोपातल्या म्हाताऱ्यांनी माझी सालं काढली असती.

एक बारीकसारीक गोष्ट मला खटकली होती. अल्कोहोलमध्ये मेलेला असा जीव पाय पोटाशी घेतो. हे घेत नव्हते. पहिली जोडी वर उचललेली, सगळ्यांची एकसारखी. मी खात्याच्या भिकार अल्कोहोलला दोष दिला आणि नोंद करून टाकली.

कादिरला घरी जायचं होतं. पासपोर्ट खात्याच्या तिजोरीत, आणि माझ्या सहीशिवाय एक्झिटचा अर्ज मुदीरकडे, म्हणजे संचालकाकडे, जात नसे.

"साहेब, घरी खतीजा आणि दोन पोरी हायत. फोनवर नुसत्या रडतात. सही द्या."

"नर आण, सही घे."

"तो काय माझ्या सांगण्यावर येतो, साहेब?"

"मग खणत राहा."

त्याच आठवड्यात एका सकाळी तो उशिरा आला. "साहेब, आपल्याला जीव मिळाले ती पहिली बाग. रात्री मिसाइल पडलं ते तिथंच. आपण खणलं त्याच वाफ्यात."

"कावळा बसायला आणि फांदी तुटायला," मी म्हणालो आणि सूक्ष्मदर्शकात डोकं घातलं.

पाच दिवसांनी दुसरी जागा. बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीमागचे खजूर. या वेळी मी स्वतः गेलो. खड्डा फीत लावून मोजला. आमचा चर त्याच्या बरोबर मध्यभागी होता. आसपासच्या भिंतींना तडाही गेलेला नव्हता. शहरभर तुकडे पडतायत, चाळीसपैकी दोन जागा लागल्या तर नवल ते काय, असं मी कादिरला ऐकवलं आणि वर स्टॅटिस्टिक्सही शिकवलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तिसऱ्या जागेवर मिसाइल पडलं, अर्धवट बांधलेल्या शाळेच्या आवारात. उरलेल्या सदतीस जागांवर खडाही पडला नाही.

"साहेब, त्यांना कळतंय," कादिर बाटलीकडे बघत म्हणाला.

"त्यांना डोळे नाहीत, गाढवा."

"डोळे नसतील. पण हात वर करून हायत ना."

मग त्याने कबूल केलं की आपण राहतो त्या बत्हा वस्तीतल्या खोलीच्या अंगणातली माती त्याने गुपचूप आणून जाळीवर लावली होती. "काय नाय निघालं, साहेब. अल्हम्दुलिल्लाह." सरकारी दिवा आणि सरकारी अल्कोहोल या गावठी शकुनापायी खर्च केल्याबद्दल मी त्याला अर्धा तास झापलं.

पुढच्या शुक्रवारी सकाळी तो अर्ज घेऊन माझ्या फ्लॅटवर आला. मी दाढी करत होतो. तो बराच वेळ गॅलरीत, माझ्या कढीपत्त्याच्या कुंडीपाशी उभा होता. मी नेहमीसारखंच उत्तर दिलं. तो खांद्यावरची पिशवी सावरत निघाला आणि दारात थांबला.

"साहेब, तुम्ही पण थोडे दिवस जेद्दाला जा ना. अझीझियात माझा मावसभाऊ हाय, जुनैद. खोली देईल तुम्हाला."

मला हसू आवरेना. ज्याला स्वतःच्या भीतीखेरीज काही कळत नव्हतं, तो आता माझी सोय लावायला निघाला होता.

सोमवारी त्याने बाटली माझ्या टेबलावर ठेवली. नऊ जीव. त्यातले दोन नर, धडधाकट, पूर्ण वाढलेले. चिठ्ठीवर त्याच्या वाकड्या अक्षरात: बत्हा, रस्त्यालगतचा खजूर, कादिर. मी उभ्याउभ्याच सही केली. ज्यासाठी त्याने माझा जीव खाल्ला होता तो कागद हातात पडूनही त्याचा चेहरा पडलेलाच होता.

"जेद्दाचं बघा, साहेब," एवढं म्हणून तो गेला. दोन दिवसांनी जेद्दाच्या बसमध्ये बसला आणि तिथून विमानाने गावी पोहोचला.

पुढचे दहा दिवस मी सुखात होतो. नराच्या पोटाखालची तीन झडपांची रचना आजवर कुणी पाहिलेली नव्हती. आकृत्या काढल्या, निबंध टाइप केला, पोस्टात टाकला. मग नियमाप्रमाणे वाळलेली माती पुन्हा चाळायला घेतली; टाकलेल्या कातीचे तुकडे कधीकधी तिच्यात सापडतात.

चहाचा चोथा निघाला. अंड्याची टरफलं निघाली. कढीपत्त्याची सुकलेली काडी निघाली. आणि निळ्या कपाचा एक तुकडा. तो कप माझ्याच हातून फुटला होता आणि पाण्याचा निचरा व्हावा म्हणून त्याचे तुकडे मीच कुंडीत घातले होते.

सांगायला लाज वाटते, पण पहिला संताप आला तो खोट्या जागेचा. माझ्या नावावर खोटी जागा छापली जाणार होती! मी रिकाम्या प्रयोगशाळेत कादिरला तोंड भरून शिव्या घातल्या. खरी जागा लिहिली असती तर हा चावटपणा समजून मी सही केली नसती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मला ओळखून होता तो.

मग उमगलं: पुढची पाळी माझ्या गॅलरीची होती. मी घाबरलो होतो.

युद्धाचे शेवटचे चार दिवस मी प्रयोगशाळेच्या कोठारात काढले, मुखवटा गळ्यात अडकवून. पाचव्या दिवशी युद्ध संपलं. लोक रस्त्यावर हॉर्न वाजवत होते. माझ्या फ्लॅटला ओरखडाही आलेला नव्हता. मी गॅलरीत उभा राहून स्वतःवर यथेच्छ हसलो.

केवळ खातरजमा म्हणून कुंडीतली ओंजळभर माती जाळीवर लावली. एकतीस निघाले.

कुंडी दूरच्या उकिरड्यावर नेऊन फोडली. गॅलरी फिनेलने धुतली. मग पलंगाखालची कोरडी धूळ लावली. सहा.

प्रयोगशाळेत माझ्या खुर्चीखालचा केर लावला. चार.

कादिरच्या स्टुलाखालचा केर लावला. एकही नाही. शेजारच्या तीन टेबलांखालचा लावला. एकही नाही.

जागेचा प्रश्न नव्हताच.

मी एक्झिटचा अर्ज लिहिला आणि मुदीरच्या केबिनमध्ये गेलो. त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो न वाचताच काळ्या काचेच्या टेबलावर बाजूला सरकवला.

"डॉक्टर, मिसाइल पडत होती तेव्हा गेला नाहीत. आता लढाई खलास. आता कशाला?"

"घरी अडचण आहे."

"सगळ्यांच्याच घरी अडचण असते." तो इंग्रजीत, सावकाश बोलत होता, मी माझ्या हाताखालच्यांशी बोलायचो तसा. "तुमची ती नवी जात. निबंध छापून येऊ दे. मंत्रालयात दाखवायचाय मला. मग जा."

"त्याला वर्ष लागेल."

"मग वर्ष."

"सर, मी हात जोडतो."

खरोखरच जोडले. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडावर किळस दिसली. तो पुढे वाकला, माझ्या कॉलरवर बोट झटकलं.

"यल्ला, घरी जा. आंघोळ करा. कपड्यांवर धूळ आहे."

काळ्या काचेवर एक पांढरा ठिपका पडला होता. मुदीर फायलीत पाहू लागला.

ठिपका हलला. एसीच्या त्या कोरड्या थंड हवेत त्याने चार पावलं टाकली, थांबला, पायांची पहिली जोडी उचलली आणि हवेत सावकाश डावी-उजवीकडे फिरवली.

मी टेबलावरचा हात काढून घेतला आणि मागे सरकलो, खुर्ची भिंतीला टेकेपर्यंत.

तो वळला आणि माझ्या दिशेने चालू लागला.